तेवीस रिकाम्या फाइली

त्याने तेविसावी फाइलही उघडून पाहिली. रिकामीच. दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवून तो बसला होता. आठ वाजून गेले होते आणि दहाला पहिला पेशंट येणार होता.

चूक काय, तर शेजारीशेजारी उघडलेल्या दोन विंडो. एकीत सरावासाठी भरलेले खोटे पेशंट, दुसरीत दवाखान्याचे खरे. गफलत नको म्हणून खऱ्या विंडोला त्याने लालभडक रंग दिला होता. परवा डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे काय भलतंच दिसतंय," म्हणून निमूट तो काढला. आज खोटे पेशंट पुसायला बसला आणि खरे पुसून मोकळा झाला. रोज रात्री आपोआप बॅकअप होतो, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. तो होतही होता. रोज एक फाइल तयार. आत मात्र शून्य. त्याने बनवलेलं सॉफ्टवेअर सुरू झाल्यापासूनच्या तेवीस दिवसांत एकही फाइल उघडून बघण्याची बुद्धी त्याला झाली नव्हती. त्याआधीची जुनी यादी त्याच्याकडे होती. गेले ते हे तेवीस दिवस.

नोकरी सोडून तीन महिने झाले होते. हे पहिलं गिऱ्हाईक आणि एकुलतं एक. "आणि तेच गेलं तर?" असं बायकोने विचारलं, तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. डॉक्टरबाईंनी दोन मैत्रिणींकडेही त्याच्यासाठी शब्द टाकला होता. आता तेही संपलं. पुन्हा जुन्या साहेबांपुढे जाऊन उभं राहायचं.

काउंटर सांभाळणाऱ्या ताई खुर्च्या पुसत होत्या. त्याच्याकडे बघून त्या थांबल्या.

"काय झालं? तोंड का उतरलंय?"

"गेलं ताई. सगळं पुसलं माझ्या हातून."

ताईंनी फडकं बाजूला ठेवलं, सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला आणि जुन्या वर्तमानपत्रांखालून पेशंटच्या नोंदींची वही काढली.

"रागावू नका. तुम्ही लिहू नका म्हणाला होतात, पण हाताला सवय."

तीच वही. 'आता ही म्युझियमला देऊन टाका,' म्हणून त्याने सगळ्यांदेखत त्यांची टर उडवली होती. तो खाली मान घालून कीबोर्डकडे वळला.

"काठीवाले आजोबा," ताई वाचू लागल्या. "वरची उजवी दाढ, रूट कॅनल, दुसरी खेप. इंजेक्शन जपून, मागे चक्कर आली होती."

त्या सांगत गेल्या, तो भरत गेला. साडेनऊपर्यंत शेवटचं पान आलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"ताई, पुढच्या महिन्यात मी नीट तपासून..."

"पुढच्या महिन्यात मी नसेन हो."

"का?"

"कॉम्प्युटर आला ना. काउंटरला माणूस लागणार नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय म्हणे."

दिलं होतं. काम मिळावं म्हणून तेवढी ओळ त्याने ठळक अक्षरांत दिली होती. ताईंच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"वहीचं बाईंना सांगू नका," वही ड्रॉवरमध्ये ठेवत त्या म्हणाल्या. "तुमचं अजून नवीन आहे. मला काय, जायचंच आहे."

तेवढ्यात दार ढकलून डॉक्टरबाई आत आल्या. पर्स ठेवता ठेवता त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली.

"सगळं ठीक ना? माझी मैत्रीण विचारत होती, डेटा उडाला तर काय करायचं. मी म्हटलं, बॅकअप असतो. कुठे असतो हो तो?"

त्याचं ठरलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. ताईंनी पुसून झालेली खुर्ची पुन्हा पुसायला घेतली.

त्याने खालचा ड्रॉवर ओढून वही काढली आणि डॉक्टरबाईंसमोर ठेवली.

"इथे," तो म्हणाला. "बसता का जरा? सांगायचंय."