जावयाचं कपाळ

माझी धाकटी बहीण अश्लेषा विरारजवळच्या चंदनसारला राहते. तिच्या नवऱ्याचं नाव हर्षवर्धन. आमच्या घरचा जावई म्हणून मी त्याला हर्षवर्धनराव म्हणते. त्याला तो मान वाटतो. वाटू दे.

दुसऱ्या बाळंतपणात अश्लेषाच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग उठले. बऱ्याच जणींना उठतात. काहींचे जातात, काहींचे उन्हाने गडद होतात. तिचे गडद झाले. पाहुणे आले की हर्षवर्धनराव म्हणायचे, "हिला सांगतो, तोंड जरा घासून धुवत जा." या विनोदावर पहिले तेच हसायचे आणि बहुतेकदा एकटेच.

मग ऑफिसातल्या कुणाचं तरी ऐकून त्यांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. डॉक्टरची चिठ्ठी नाही की काही नाही. थोड्याच दिवसांत गाल असे उजळले की हे गृहस्थ आम्हाला त्वचारोगावर व्याख्यानं देऊ लागले. अश्लेषा बिचारी लावत राहिली. काही महिन्यांनी तिचे गाल लालभडक झाले. गॅसपुढे उभं राहिलं की आग व्हायची, हनुवटीवर लव आली. ट्यूब थांबवली की डाग पहिल्यापेक्षा काळे दिसायचे.

शेवटी मी तिला विरारला डॉक्टर प्रिसिलांकडे नेलं. "डॉक्टर लोक बायकांना गुंडाळतात," म्हणत हर्षवर्धनरावही सोबत आले.

डॉक्टरांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "यात स्टेरॉइड आहे. चेहऱ्याला महिनोन्‌महिने लावायची वस्तू नाही ही. कातडी पातळ झालीय तुमची. कुणी दिली?"

अश्लेषाने खाली पाहिलं. मी जावयांकडे पाहिलं. जावयांनी पंख्याकडे पाहिलं.

"आधी ही आग शमवू, वांगाचं मग बघू," डॉक्टर म्हणाल्या. "ढगाळ असलं तरी सनस्क्रीन लावायचं, बाहेर पडताना छत्री घ्यायची. डाग फिकट होतील, पण वेळ लागेल. उन्हात हयगय केलीत तर परत येतील. आणि चेहरा घासायचा नाही. हा मळ नाहीये."

"ऐकलंत ना, हर्षवर्धनराव?" मी विचारलं.

तेवढ्यात डॉक्टरांची नजर त्यांच्या कपाळावर थांबली. केसांच्या कडेने कानशिलांपर्यंत काळपट राखी पट्टा उतरला होता. "हे कधीपासून?"

"ऊन, दुसरं काय! पुरुषांना बाहेर फिरावं लागतं."

"केसांना काय लावता?"

"काही नाही. आमच्या घराण्यात केस काळेच असतात."

डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा घेऊन त्यांच्या कानामागून फिरवला आणि समोर धरला. बोळा काळाकुट्ट. "घराण्याचा रंग निघतोय," त्या शांतपणे म्हणाल्या. अश्लेषाला हसू आलं, आणि हसल्यावर गाल झोंबले.

"डायची ॲलर्जी दिसतेय. टेस्ट करून घेऊ. पण डाय आजपासून बंद, नाहीतर हे पसरत जाईल."

"हे असले आजार बायकांचे!" म्हणून हर्षवर्धनराव तडक उठून गेले.

डाय मात्र त्यांनी बंद केला. त्याऐवजी 'हर्बल' काळी मेंदी सुरू केली. तिच्यातही बहुधा तेच रसायन असतं, हे डॉक्टरांनी अश्लेषाला सांगितलं आणि तिने नवऱ्याला. पण बायकोकडून शिकतील तर ते जावई कसले! काळेपणा त्यांच्या गालांवर उतरला. मग पाण्यात दोष निघाला. सोसायटीचे सेक्रेटरी हेच. यांनी टाकी धुवायला लावली आणि सगळी बिल्डिंग दिवसभर कोरडी ठेवली. कपाळ होतं तसंच राहिलं.

एका सकाळी त्यांच्या पापण्या सुजून डोळेच मिटले. अश्लेषाने हाताला धरून त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. तिथे ते एक अक्षर बोलले नाहीत, असं ती म्हणाली. मला खरं वाटत नाही, पण वाटलं तर आवडेल.

आता मेंदीही गेली. डोकं पांढरं झालंय. कपाळ हळूहळू निवळेल म्हणतात. अश्लेषाची आग थांबलीय, डाग फिकट झालेत, पुरते गेले नाहीत.

गेल्या महिन्यात फुलपाड्याच्या हॉलमध्ये माझ्या मुलीचा, संजनाचा, साखरपुडा झाला. पोट बिघडल्याचं सांगून हर्षवर्धनराव घरी बसले. अश्लेषा एकटीच आली आणि प्रत्येक फोटोत पुढे उभी राहिली. आमच्या आत्येने पंगतीत तिचा चेहरा न्याहाळत विचारलं, "अजून आहेत का गं डाग?"

"आहेत की," ती म्हणाली आणि तिने वाढप्याकडे आणखी एक जिलेबी मागितली.