भराव कोणी फोडला

बेबीबाई आसगावहून बहिणीकडे पाहुणपणाला निघाली ती पोचलीच नाही. अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात छोट्या लाईनीची पॅसेंजर बहिणीच्या गावाच्या शिवेवर घसरली, डबे धानाच्या बांध्यांच्या चिखलात आडवे झाले, आणि मेलेल्यांत ती होती. थोरली बहीण तुळसा हिने तिला लुगड्यावरून ओळखले.

तेरवी व्हायच्या आत गावाने निकाल लावून टाकला. ड्रायव्हर गुलाब प्यायलेला होता, त्याने गाडी उधळल्यासारखी आणली! गुलाब हात मोडून दवाखान्यात पडलेला, वर निलंबित. सगळ्यांत मोठ्याने बोलत होता तो तुळसाचा धाकटा दीर केवळराम.

तुळसाला ते ऐकवेना. अपघाताच्या आदल्या दिवशी ती शेतावर शिदोरी घेऊन गेली होती. रुळाखालची मोरी गाळाने बुजलेली, पाणी तुंबून नुकतेच रोवलेले धान सडू लागलेले, आणि केवळराम गड्यांसोबत फावड्याने मोरीशेजारचा भराव फोडून पाण्याला वाट करत होता. रात्रभर पाणी त्याच वाटेने धावले असणार, रुळाखालची माती घेऊन गेले असणार.

मग स्टेशनावर नोटीस लागली. रेल सुरक्षा आयुक्त चौकशीला येणार, ज्याला काही ठाऊक असेल त्याने येऊन सांगावे. स्टेशन मास्तर तुळसाला म्हणाले, "हा साहेब रेल्वेच्या हाताखालचा नाही, बाई. दिल्लीच्या वेगळ्या खात्याचा आहे. तो रेल्वेलाही जाब विचारतो."

जेवताना तिने विषय काढला. "भाऊजी, उद्या टेशनावर चला माझ्यासंगं."

"कायले?"

"भराव कोणं फोडला ते सांगायले."

केवळरामने ताट सारले. "मले जेलात धाडतेस काय, वहिनी? मोरी साफ करा म्हणून रेल्वेवाल्यायले कितीदा सांगतलं, ते नाही दिसत तुले?"

"तेही सांगीन."

"घरच्याच माणसाच्या गळ्यात फास टाकून राहिली तू!"

"ड्रायव्हरले घरदार नाही काय? माझी बहीण गेली, भाऊजी. ती कायनं गेली ते मी खोटं लिहू देणार नाही."

सकाळी ती एकटीच निघाली. स्टेशनाच्या खोलीत टेबलाभोवती अधिकारी बसलेले. तिचे बोलणे अडखळले नाही. भराव सांगितला, मोरी सांगितली, दिराचे नावही सांगितले.

एक रेल्वे अधिकारी हसला. "कोणी पढवून पाठवलं तुम्हाला?"

"मले कोण पढवन? जागा दाखवतो, चला."

आयुक्त साहेब हिंदीत एवढेच बोलले, "चलिए." आणि खुर्चीवरून उठले.

रुळाच्या कडेने सगळे तिथे पोचले, तर केवळराम आधीच उभा होता. चेहरा उतरलेला. त्याने तुळसाकडे पाहिले नाही. वाकून हाताने दाखवले, "इथून खोदलं, साहेब. पाणी जावं एवढंच मनात होतं. गाडी पडन असं वाटलं नाही." 

अहवालात दोन्ही गोष्टी आल्या, फोडलेला भराव आणि बुजलेली मोरी. गुलाब कामावर परतला. पुढच्या उन्हाळ्यात तिथे रुंद मोरी बांधली गेली.

केवळरामवर केस झाली. तो वहिनीशी बोलेना. तरी भंडाऱ्याच्या कोर्टाची तारीख आली की तुळसा पहाटे उठून त्याची शिदोरी बांधायची, आणि एसटीत त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसायची.