उजवीकडून उघडणारं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं जपानी चित्रकथेचं पुस्तक आहे. माझी पाठ तीन ठिकाणी चिरली आहे आणि एका पानावर आमटीचा डाग आहे. तरीही मला वाचणारे अजून हसतात, कारण माझ्यात एक गमतीची प्रेमकथा आहे. डोंगरावर एक शिंतो देऊळ आहे. पुजारीबुवांची नात तिथल्या पायऱ्या रोज झाडते. एक मुलगा रोज येतो, लाकडी पाटीवर देवाकडे मागणं लिहितो, पाटी टांगतो आणि पळ काढतो. मागणं असतं तिच्याचबद्दल. पण त्याचं अक्षर इतकं वाईट, की तिला वाटतं बिचाऱ्याला गणितात पास व्हायचं आहे. मग ती त्याला पायरीवर बसवून गणित शिकवायला लागते!

मी इंग्रजीत छापला गेलो, पण माझी पानं जपानी रीतीने उजवीकडून डावीकडे वाचायची असतात.

२०१४ साली एका पाहुण्याबरोबर मी मस्कतच्या एका हॉटेलात आलो. त्याने मला वाचून संपवलं आणि निघताना कचऱ्याच्या डब्यात टाकलं. माझ्या पानांत खुणेचा एक कागद तसाच राहिला होता. त्यावर हॉटेलचं नाव, फोन नंबर आणि पाहुण्याने खरडलेला खोलीचा नंबर होता.

खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख करणाऱ्या वसईच्या नॉरबर्टने मला उचललं. हॉटेलचा नियम कडक होता. खोलीतली वस्तू, अगदी कचरासुद्धा, घरी न्यायची नाही. बारा वर्षांत त्याने तो कधी मोडला नव्हता. तो बराच वेळ मला हातात धरून उभा राहिला. मग त्याने मला शर्टाखाली खोचलं. त्याचं काळीज किती जोरात धडधडत होतं, ते मला ठाऊक आहे.

त्याची मुलगी सॅन्ड्रा सातवीत होती. अल् घुब्रा भागातल्या त्या दोघांच्या फ्लॅटमध्ये तिने मला डावीकडून उघडलं, शेवट आधी वाचला आणि कपाळाला हात लावला. मग सुरुवातीपासून चार वेळा वाचलं.

खालच्या मजल्यावर तिची मैत्रीण नौशीन राहायची. दोघी एकाच वर्गात. नौशीनने आठवडाभर हट्ट धरला, तेव्हा सॅन्ड्राने मला तिच्या हातात दिलं. त्या आपसात इंग्रजीतच बोलायच्या, मी मराठीत सांगतो.

"शाळेत नेऊ नकोस हं. पपांनी घराबाहेर काढायलाच मना केलंय. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

पण दोन प्रकरणं राहिली होती. नौशीनच्याने राहवेना. तिने मला दप्तरात घातलं आणि नेमकी त्याच दिवशी दप्तरांची तपासणी झाली.

"हे कुणाचं?" वर्गशिक्षिका प्रेमा मिसनी मला वर धरलं. मुखपृष्ठावर मुलगा आणि मुलगी होती. वर्गात खसखस पिकली.

नौशीन घाईघाईने उभी राहिली. "सॅन्ड्राचं, मिस. तिनेच माझ्या बॅगेत टाकलं."

तीन बाकं पुढे बसलेल्या सॅन्ड्राने मागे वळून पाहिलं. ती काहीच बोलली नाही.

तेवढ्यात माझ्यातला तो कागद खाली पडला. मिसनी तो वाचला. "तुझे पपा याच हॉटेलात आहेत ना? पाहुण्याचं पुस्तक तुझ्याकडे कसं आलं?"

सॅन्ड्राने मान खाली घातली.

"उद्या सकाळी पालकांना घेऊन ये. नाहीतर मी हॉटेललाच फोन करून विचारते."

मित्रांनो, त्या आखाती देशात नोकरी गेली की व्हिसा जातो. व्हिसा गेला की घर, शाळा, सगळंच सोडून परतावं लागतं. वर्गातल्या प्रत्येक मुलाला हे माहीत होतं. मी रात्रभर मिसच्या खणात पडून होतो.

त्या संध्याकाळचं मला नौशीनने पुढे स्वतःच सांगितलं. ती भरल्या ताटावरून तशीच उठली. तिची अम्मी कुबरा रत्नागिरीकडची. तिने जवळ बसवून विचारलं, तेव्हा नौशीनला रडू फुटलं आणि सगळं बाहेर पडलं.

"आणि ती पोर गप्प रव्हली?" कुबराने विचारलं. "तुझा नाव पण घेतलान नाय?"

नौशीनने नाही म्हणून मान हलवली. अम्मी रागावली नाही. तेच तिला जास्त लागलं. "उद्या मी येतंय तुझ्याबरोबर," एवढंच अम्मी म्हणाली.

सकाळी सॅन्ड्रा शिक्षकांच्या खोलीत एकटीच आली. तिने घरी काही सांगितलंच नव्हतं. मिसनी मला टेबलावर ठेवलं, कागद समोर धरला आणि नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजू लागली. एकदा. दोनदा. सॅन्ड्राने टेबलाची कड घट्ट धरली होती.

दार उघडलं. "मिस, फोन करू नका!" नौशीन धापा टाकत म्हणाली. मागे कुबरा होती. "मी खोटं बोलले. पुस्तक मीच मागून घेतलं होतं. सॅन्ड्राने शाळेत आणू नको म्हणून सांगितलं होतं. मीच आणलं."

पलीकडून आवाज आला, "गुड मॉर्निंग, हॅलो?"

मिसनी रिसीव्हरवर हात ठेवला. त्या सॅन्ड्राकडे पाहत होत्या. "पण हे आलं कुठून?"

"कचऱ्याच्या डब्यातून," सॅन्ड्रा कशीबशी म्हणाली. "पाहुण्याने टाकून दिलं होतं. पपांना माझी आठवण आली, म्हणून उचललं."

"हॅलो? हॅलो?"

मिसनी हात काढला. "सॉरी, राँग नंबर," म्हणाल्या आणि रिसीव्हर खाली ठेवला. मग त्यांनी तो कागद फाडला आणि बारीक बारीक तुकडे केले.

"तरीपण अशी पुस्तकं या वयात..." त्या कुबराला मराठीत सांगू लागल्या. त्या मूळच्या ठाण्याच्या. पण कुबराने तोवर मला उचललं होतं. उर्दू वाचणाऱ्या त्या हातांनी मला सहज उजवीकडून उघडलं. पहिल्याच खेपेला बरोबर उघडणारी ती एकटीच!

"ही पोर तर झाडू मारत्येय," ती चार पानं उलटून म्हणाली. "आणि ह्याचा अक्षर बघा, आमच्या नौशीनसारखा!"

मिसना हसू आवरलं नाही, त्यांनी मला सॅन्ड्राकडे परत दिलं. मुली मात्र हसल्या नाहीत. सॅन्ड्राने मला दप्तरात टाकलं आणि नौशीनकडे न बघता ती निघून गेली.

नऊ दिवस त्या बोलल्या नाहीत. लिफ्टमध्ये नौशीन दिसली की सॅन्ड्रा जिन्याने चढायची. दहाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, नौशीन एकटी वर आली. दार नॉरबर्टने उघडलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. नौशीनने दारातच उभं राहून त्याला सगळं सांगितलं, फोनची घंटीसुद्धा.

नॉरबर्टने भिंतीला टेकून डोळे मिटले. आतल्या खोलीच्या उघड्या दाराशी बसून सॅन्ड्रा ऐकत होती, तिच्या मांडीवर मी होतो.

"चूक माझीपण आहे, बाळा," नॉरबर्ट अखेर म्हणाला. "तू हे न सांगता राहू शकली असतीस." मग तो दारातून बाजूला झाला. "जेवलीस का? आत ये."

सॅन्ड्रा उठली, तिने ताटं मांडायला घेतली. तीन.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा. खरकट्या हाताने आम्हाला धरू नका, आमची पानं दुमडू नका. आणि कुणी विश्वासाने आम्हाला तुमच्या हाती दिलं असेल, तर त्या माणसाला आमच्याहून जास्त जपा. कधी चुकलात, तर त्याच्या दारापर्यंत जाऊन सांगा. जिने चढताना पाय जड होतात, पण दार उघडतं.