डाव्या बाजूचा खिळा

मी अजून धड बरीही झाले नव्हते आणि माझी होडी विकायला निघाली होती. विकणारा माझाच मुलगा. हे मला कळलं तेही जेवायच्या टेबलावर.

"रविवारी नाक्यावरचा चष्मेवाला येतोय होडी बघायला," ग्लासात पाणी ओतत तो म्हणाला. गॅसवाला येतोय म्हणावं, तसं.

"कुणाची होडी?"

"आई, आता काय..."

"कुणाची, ते विचारलं मी."

सूनबाईचा भाजीचा डाव हवेतच राहिला. मुलाने समजुतीचा सूर लावला. मला अर्धांगाचा झटका आल्यापासून हा सूर सगळ्यांनाच येतो. डॉक्टरांना येतो, शेजारणीला येतो, रबरी चेंडू दाबायला लावणाऱ्या त्या व्यायामवाल्या पोरीलाही येतो.

"तुझा उजवा हात चालत नाही. पाण्यात काही झालं तर कोण बघणार? आणि मासे काय, बाजारात मिळतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाजारात तयार कपडेही मिळतात, तरी गावभरच्या बायका जन्मभर माझ्याकडेच शिवायला टाकत होत्या. आठवडाभर मशीन आणि रविवारी खाडी, असं माझं आयुष्य गेलं. ताटात मासा हवा म्हणून मी कधी गेलेच नाही. निम्मे तर पुन्हा पाण्यात सोडायची. मला हवी असायची ती दोऱ्याला बसणारी ओढ. खाली काळोखात कुणीतरी आहे आणि माझ्या बोटाशी बोलतंय, एवढंच. आता ते बोटच बहिरं झालं होतं. रागाच्या खाली मला भीती वाटत होती, ती हीच.

पण भीती दाखवेन तर मी कसली! भलतंच बोलून बसले.

"रविवारी मला खाडीत ने. कुणाची मदत न घेता एक मासा होडीत घेऊन दाखवते. नाही जमलं तर खुशाल दे तुझ्या चष्मेवाल्याला."

"मी हात लावायचा नाही?"

"बोट लावून तर बघ."

रविवारी सकाळी त्याने मला फुगलेलं जॅकेट चढवलं, त्याचे पट्टे दोनदा ओढून पाहिले आणि वल्ही हातात घेतली. चष्मेवाला धक्क्यावर मोजपट्टी घेऊन हजर होताच. भला माणूस. "मावशी, सावकाश होऊ द्या," म्हणाला आणि बाकावर बसला.

खडकांच्या आडोशाला पाणी अगदी शांत होतं. मुलाने नांगर टाकला. मी डाव्या हाताने आणि दातांनी कशीबशी कोळंबी गळाला लावली, शिशाचं वजन पाण्यात सोडलं आणि सवयीने दोरा उजव्या बोटावर घेतला. काही नाही. पुष्कळ वेळ काहीच नाही. शेवटी दोरा वर ओढला तर गळ चाटूनपुसून साफ! खाली पंगत उठून गेली होती आणि मला पत्ताच नव्हता.

मुलगा दुसरीकडे बघत होता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मग मी डाव्या पायातली चप्पल काढली.

"आई, हे काय?"

"गप्प बस."

शिलाई मशीनचं पायडल मी याच पायाने चालवलं. कापड कुठे अडतंय, सुई कुठे जड जातेय, हे हाताच्या आधी पायाला कळायचं. दोरा अंगठ्याच्या बेचक्यात धरला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने टुक झालं. पुन्हा टुक. मग एक लांब, ठाम ओढ.

मी हसले की रडले, आठवत नाही. डाव्या हाताने दोऱ्याला हिसका दिला. हाताने ओढायचा, टाचेखाली दाबायचा. पुन्हा ओढायचा, पुन्हा दाबायचा. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. मुलगा अर्धवट उठला, मग आठवण येऊन दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. पाण्यात लालसर पाठ चमकली. तांबोशी! चांगली हातभर.

आता फक्त हातजाळी खाली धरून तिला उचलायची. आणि हातजाळी होती उजव्या बाजूच्या खिळ्याला, जिथे ती कायम असायची. ती डावीकडे घ्यावी, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी दोरा टाचेखाली दाबून डावा हात आडवा ताणला. बोटं जाळीच्या दांड्याला लागली, तेवढ्यात मासा उसळला. दोरा सुटला. गळ मोकळा झाला.

"गेला," मुलगा हळूच म्हणाला. त्याचाच गेल्यासारखा त्याचा चेहरा पडला होता.

मुलाने नांगर उचलला आणि होडी धक्क्याकडे वळवली. धक्क्यावर चष्मेवाला उभा राहिला.

"काय मावशी, मिळाला?"

"निसटला. पैज हरले मी."

"अरेरे. मग होडी..."

"होडी विकायची नाही."

मुलाने वल्ही आपटली. "आई! ठरलं होतं आपलं! मी यांना शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास, तर तुझं काहीतरी दे. मोटरसायकल दे." मी चष्मेवाल्याकडे वळले. "तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. चूक माझी आहे. होडी माझी, आणि मी तिच्यावर पैज लावून बसले. जिंकले तरच माझी राहणार होती का ती?"

चष्मेवाल्याने एकदा माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं, मोजपट्टी खिशात घातली आणि निघून गेला.

"तू पडलीस तेव्हा स्वयंपाकघरात मी होतो," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "इथे कोण असेल?"

"ठाऊक आहे रे. तू घाबरलायस. मीही घाबरलेय. पण पडले ती घरातच ना? म्हणून घर विकलंस का?"

तो धक्क्यावर चढून होडीची दोरी बांधू लागला.

"जॅकेट घालीन. खडकांपलीकडे जाणार नाही. पण जाणार. आता हातोडी काढ, जाळीसाठी या डाव्या बाजूला खिळा ठोकायचाय."

"मी नाही ठोकणार."

"नको ठोकूस. मी ठोकते."

मी होडीतल्या डब्यातून एक खिळा आणि हातोडी काढली, हातोडी डाव्या हातात धरली. खिळा धरायला दुसरा हात कुठला? उजव्या हाताची बोटं एकेक करून त्याच्याभोवती वळवली. खिळा घरंगळला. उचलला. पुन्हा घरंगळला. मी तिसऱ्यांदा वाकले, तेव्हा मुलगा धक्क्यावरून होडीत उतरला आणि त्याने माझ्या हातातून हातोडी ओढून घेतली.

"कुठे हवाय?" तो फणकारला.

मी माझ्या नेहमीच्या जागी बसले आणि डावा हात लांब केला.

"इथे. आणि घट्ट ठोक, पुढच्या रविवारी लागेल."