हातामागचं उत्तर

मी खुर्ची बोलतेय. मानाची नाही. नागपुरातल्या एका फार्मसी कॉलेजात तोंडी परीक्षेला विद्यार्थ्याला जिच्यावर बसवतात, ती मी.

नत्थूजी सुतारांनी मला सागाची घडवली, तेव्हा ताठ होते. आता मागचा पाय ढिला झालाय. पोरांच्या भीतीनंच! गुडघे ती हलवतात, झिजते मी. शाळा मी पाहिली नाही, ऐकून ऐकून शिकले. म्हणून ठणकावून सांगते, घाबरलेल्याला येत नसतं असं नाही.

भूतानहून आलेली देकी गेल्या परीक्षेला माझ्यावर बसली. सरांनी विचारलं. तिनं ओठांसमोर हात धरून हळूच सांगितलं. उत्तर बरोबर होतं, मी ऐकलं ना! सर म्हणाले, "तोंडातल्या तोंडात काय? येत नसेल तर नाही म्हण." नापास. तेव्हापासून पोरीला वाटायला लागलं, आपल्याला खरंच काही येत नाही.

आज पुन्हा तीच परीक्षा. यंदाही नापास झाली तर देकी शिक्षण सोडून घरी परतणार होती. दाराशी तिची मैत्रीण वैदेही, भिवापूरची, चिडून बोलत होती.

"काहून भेऊन राहिली वं? काल मलेच तर शिकवलं तू!"

"तुझ्यासमोर येते. सरांसमोर सगळं जाते."

"अन् तोंडावर हात काहून धरतं? सरांचा वास येते का?"

"आपला श्वास मोठ्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून. आमच्याकडं तसाच मान देतात."

वैदेहीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. मग म्हणाली, "इथं त्याले भित्रेपणा म्हणतात, बाई. दोन्ही हातानं खुर्ची धर. काही झालं तरी सोडू नको."

देकी बसली. मला दोन्ही हातांनी धरलं. प्रश्न आला. उजवा हात सुटला, ओठांकडे निघाला. माझे सांधे कुरकुरले. गेली पोर! तेवढ्यात माझा ढिला पाय डगमगला आणि पडायच्या भीतीनं तिनं मला पुन्हा गच्च धरलं. मग बोलली. आधी कापत, मग स्वच्छ.

सर बघतच राहिले. "मागच्या वेळी हे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, सर. हातामागून."

सरांनी तिला पास केलं, पण वर नाही बघितलं.

उद्या माझ्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची येतेय, न डगमगणारी. मला खुशाल अडगळीत टाका. धास्ती आहे ती पुढच्या परमुलखातल्या लेकराची. मास्तरांनो, शेरा मारण्याआधी एकदा म्हणा, 'हात बाजूला घे बाळा, पुन्हा सांग.' काय जातं हो तुमचं?