बदली गडी

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं आवार दिसतं, आणि आवारात उभी असलेली आमची जुनी गाडी. त्या दुपारी मी भाजी चिरत होते, शेजारी रेडिओ चालू होता आणि खाली गाडीच्या बंद काचांआड हे एकटेच बसून हातवारे करत होते. निघताना मला म्हणाले होते, "जरा पाय मोकळे करून येतो." पाय मोकळे करायला माणूस गाडीत बसत नाही.

रेडिओवर खेळाचा कार्यक्रम लागला होता. बास्केटबॉलच्या संघांना मोसमाच्या मध्यावर आपापसात खेळाडू बदलून घेता येतात. त्याची मुदत त्याच दिवशी चार वाजता संपत होती. त्यामुळे आठवडाभर गावातला प्रत्येक रिकामा माणूस फोन करून संघ जुळवत होता. ह्याला द्या, त्याला आणा, दोन बुटके देऊन एक उंच घ्या. जुन्यावर नवं भांडं घ्यावं तसं चाललं होतं सगळं.

आमचा मुलगा गावच्याच संघात आहे. घरात आणि मैदानावर त्याला लंबूच म्हणतात. रेडिओवर मात्र तेवढंही नाव उरलं नव्हतं. मोसमाच्या सुरुवातीला त्याचं उजवं मनगट दुखावलं आणि तेव्हापासून हे लोक त्याला नुसतं "मनगट" म्हणायचे. "त्या मनगटाला कोण घेणार हो? फुकट दिलं तरी परत करतील," असं एक जण हसत म्हणाला. मी विळीवरचा हात जरा आवरला.

मग निवेदकाने आवाज चढवून सांगितलं, "आपले लाडके जुने पंच लाइनवर आहेत."

हे जुने पंच रोज फोन करायचे. नाकातून बोलायचे, ठासून बोलायचे. त्या दिवशी म्हणाले, "ऐका. मनगट पूर्ण बरं झालंय. पट्टी आहे ती नुसती दाखवायला. बंदरवाल्यांच्या संघाला घुसून खेळणारा गडी हवाय, त्यांनी आत्ताच्या आत्ता ह्याला मागून घ्यावं. मी हवेत बोलत नाही. आतल्या गोटातली खबर आहे."

"आतल्या गोटातली" म्हणताना गाडीतल्या हाताने छातीवर थाप मारली. निवेदकाने आभार मानले, तसा तो हात खाली आला आणि फोन खिशात गेला.

मी विळी आडवी केली.

मनगट बरं झाल्याचं माहीत असलेली माणसं अगदी थोडी होती. रविवारी लंबू आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याने पट्टी सोडून मूठ वळून दाखवली होती. ह्यांनी ती दाबून पाहिली, "मग खेळवत का नाहीत तुला?" म्हणून संतापले आणि ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढचं लंबूने मला एकटीलाच हळू आवाजात सांगितलं. कोचने त्याला मुदत संपेपर्यंत पट्टी बांधून बसायला सांगितलं होतं. मालकांना कोणाला तरी द्यायचंच होतं, आणि दुखावलेला गडी कोणी मागत नाही. चार वाजून गेले की पट्टी सुटणार आणि मैदानावर उतरणाऱ्या पहिल्या पाचात लंबूची जागा पक्की. दोन वर्षं तो बाकावर बसून ज्या जागेकडे बघत होता, ती जागा.

"बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला. "त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मी सांगितलं नाही. खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे. न बोलणं त्यात येत नाही, असं मी आपलं सोयीने धरलं होतं. ती पट्टीही मला खुपत होती. पण म्हटलं, हे कापडाचं खोटं आहे, तोंडाचं नव्हे.

हे वर आले, हात धुतले आणि पाटावर बसावं तसे शहाण्या मुलासारखे खुर्चीत बसले.

"गाडीत काय करत होतात?" मी विचारलं.

"काच पुसत होतो. धूळ किती बसते."

"आतून?"

ह्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो बराच वेळ तोंडाला लावून ठेवला. मी ताट वाढलं. ह्यांची सारी नोकरी बदल्यांची. दर थोड्या वर्षांनी नवं ऑफिस, नवं घर, लंबूची नवी शाळा. ह्यांच्या मनात एक सूत्र घट्ट बसलेलं, बदली झाल्याशिवाय बढती नाही. मुलगा बाकावर बसलेला दिसला की ह्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. "बदली गडी म्हणून बसण्यापेक्षा बदली झालेली काय वाईट?" हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं होतं, की माळ ओढताना मध्येच आठवायचं.

तेव्हा ह्यांनी कशासाठी केलं ते मला कळत होतं. काय केलं ते ह्यांना कळत नव्हतं. ते सांगायला मी तोंड उघडणार, तोच दारावर थाप पडली.

लंबू चौकटीखालून वाकून आत आला. मनगटावर पट्टी होती, पण तिचं टोक सुटून लोंबत होतं. त्याने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि ह्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला.

"कोणीतरी फोडलं," तो म्हणाला. "रेडिओवर. कोणी जुना पंच म्हणून आहे. बंदरवाल्यांचा फोन कार्यक्रम संपायच्या आत आला. मालक तयारच बसलेत."

"मग चांगलंच आहे की," हे म्हणाले. "बंदरवाले चांगला संघ आहे. खेळायला तरी मिळेल."

"बाबा, मला इथेच खेळायला मिळणार होतं. आजपासून. चारनंतर."

"म्हणजे?"

लंबूने सगळं सांगितलं. पट्टी कशासाठी, मुदत कशासाठी, पहिल्या पाचातली जागा. हे ऐकत होते. हातातला घास हातातच राहिला. मग तो त्यांनी ताटात हळूच परत ठेवला, जणू आवाज झाला तर कोणीतरी वळून बघेल.

"मला नाही सांगितलंस," हे म्हणाले.

"सांगून काय केलं असतंत? साऱ्या जगाला पेढे वाटले असतेत." लंबूने घड्याळाकडे पाहिलं. "कोच म्हणतात, साडेतीनच्या आत मला नाव हवं. ज्याने फोडलं त्याचं. नाव मिळालं तर ते मालकांसमोर माझ्यासाठी भांडतील. नाही मिळालं तर ते धरून चालणार, की मीच बोललो. बदली मिळावी म्हणून."

"मग? नाव कुठून आणणार?" मी विचारलं.

"मालिशवाले काका. मनगटाला रोज हात लावणारा तोच एक माणूस. त्यांना आत्ताच घरी पाठवलंय. कोचनी फक्त विचारलं, तेच ना? मला नुसतं हो म्हणायचंय."

"तू त्यांना बोलताना ऐकलंस?"

"आई, मग दुसरं कोण? ते, डॉक्टर आणि कोच. आणि आपण."

तो "आपण" म्हणाला आणि त्या शब्दावर थांबलाही नाही. आपल्या माणसांवर कोणी संशय धरत नाही.  हे ताटाकडे बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेवढ्यावरून मी लग्नापासून ह्यांना ओळखते.

लंबूने फोन उचलला.

मी बोलू शकले असते. पण मी बोलले असते तर ती कबुली माझी झाली असती, ह्यांची नव्हे. मी पाण्याचा तांब्या ह्यांच्यापुढे सरकवला आणि हळूच म्हटलं, "अहो, गाडीची काच नीट पुसली गेली का?"

लंबूने चमकून माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी ही काय काच घेऊन बसली, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

ह्यांनी तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, "ठेव तो फोन. मालिशवाल्याने नाही सांगितलं."

"तुम्हाला काय माहीत?"

ह्यांनी घसा साफ केला. आणि मग, कसं सुचलं कोण जाणे, नाकातून म्हणाले, "मी हवेत बोलत नाही."

आधी लंबू हसला. खरंच हसला, लहानपणी हसायचा तसा. मग त्याला कळलं. त्याचं हसू चेहऱ्यावरच वाळून गेलं.

"रोज?" त्याने विचारलं. "तो रोजचा माणूस तुम्ही?"

"लोक तुला काय काय म्हणत होते रे. मनगट म्हणत होते. मला वाटलं, कोणीतरी तुझ्या बाजूने बोलायला हवं."

"माझ्या बाजूने."

"हो."

 साडेतीनला थोडीच मिनिटं उरली होती. ह्यांनीच पुन्हा तोंड उघडलं, आणि आता आवाज खाली गेला होता. "हे बघ, कोचला हे सांगायलाच हवं असं कुठे आहे? बाप म्हणजे घरच. तुझ्यावरच येणार. तू आत्ता हो म्हण. चार वाजू देत. मग मी स्वतः जाऊन सांगतो, मालिशवाल्याला परत घ्या म्हणून. हातापाया पडेन."

 लंबू नाही म्हणाला नाही. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला कळलं, की तो हिशेब करतोय. "मीही रदबदली करीन," तो शेवटी पुटपुटला. "दोन दिवसांचा तर प्रश्न. काका समजून घेतील."

मला वाटलं, घे बाबा. दोन वर्षं बसलास. घे ती जागा. आईच्या मनात हे येतं, ते देवापासून लपवण्यात काय अर्थ? मी पदराने टेबलावरचं पाणी पुसलं, जिथे पाणी नव्हतं तिथेही पुसलं.

"ते काका आत्ता घरी बसलेत ना?" मी म्हटलं. "बायकोने विचारलं असेल, आज एवढ्या लवकर कसे आलात. काय सांगितलं असेल त्यांनी?"

लंबूने पट्टीचं सुटलेलं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"मी आपलं विचारलं," मी म्हटलं.

लंबूने डोळे मिटले, उघडले. "आई, तू ना," एवढंच म्हणाला. मग त्याने नंबर लावला आणि फोन कानाशी धरून खिडकीपाशी गेला. आमच्याकडे पाठ करून बोलला. "कोच, काकांनी नाही. माझ्या घरातून गेलं." मग, "नाही, मी नाही बोललो. पण माझ्या घरातून." मग बराच वेळ नुसतं ऐकलं. ह्यांनी फोन मागायला हात पुढे केला, "मी बोलतो, माझं नाव सांग," म्हणाले. लंबूने मान हलवली. "काकांना तेवढा फोन करा," असं म्हणून त्याने फोन खाली घेतला.

"काय म्हणाले?" ह्यांनी विचारलं.

"म्हणाले, ज्याचं घर गळतं असा माणूस मी पाचात कुठे ठेवू. म्हणाले, फोन जवळ ठेव."

मग आम्ही तिघं त्या टेबलाशी बसलो. मी मनात नामस्मरण करायचा प्रयत्न केला. देवाकडे काही मागायचं नाही, नुसतं नाव घ्यायचं, असा माझा रोजचा शिरस्ता; पण त्या दिवशी प्रत्येक नावाच्या शेपटीला "वाजू नको" एवढं चिकटत होतं. ताटातलं अन्न गार झालं. ह्यांनी एकदा विचारलं, "चहा टाकतेस?" आणि मी उठायच्या आत स्वतःच म्हणाले, "नको, राहू दे."

चारला अगदी थोडं कमी असताना फोन थरथरला आणि टेबलावर एवढासा सरकला. लंबूने उचलला. "हो," म्हणाला. "हो. कळलं. कधी?" आणि, "बरं." फोन ठेवताना त्याने स्क्रीन खाली केली.

"बंदरवाले," तो म्हणाला. "परवा सकाळी हजर व्हायचं."

ह्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ते उचलून कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं. ह्यांच्या तोंडून माफीचा शब्द मी आयुष्यात दोनदा ऐकला असेल. तिसऱ्यांदा ऐकू येईल असं वाटलं. ओठ हलले, पण ह्यांनी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला. लंबूने बायकोला फोन लावला, ती कामावर होती, तिला दोन वाक्यांत सांगितलं आणि "घरी आलो की बोलू" म्हणून ठेवला. मग त्याने मनगटावरची पट्टी सोडली, गुंडाळी केली आणि बाजूला ठेवली. उठून जाईल असं मला वाटलं. त्याचा तसा हक्कच होता.

तो उठला नाही. खुर्ची ह्यांच्या बाजूला वळवून म्हणाला, "महिनाभर बंदरवाल्यांचा अभ्यास करताय ना, पंच? गावाला ज्ञान दिलंत. आता मला सांगा."

त्याच्या आवाजात धार होती. ह्यांनी ती गिळली.

"काय सांगू?"

"कोण कसा खेळतो. कोच कसा आहे. मला कुठे उभं करतील. परवा मी तिथे उघड्या डोळ्यांनी आंधळा जाणार आहे."

 ह्यांनी ताट बाजूला केलं, वाटी मध्ये ठेवली, पेला तिच्या डावीकडे ठेवला. नाकातून नाही, स्वतःच्याच आवाजात, अडखळत बोलू लागले. "ही वाटी म्हणजे त्यांचा उंच गडी. हा स्वतः पळत नाही. पण तू इथून आत घुसलास आणि मान वर केलीस, की चेंडू तुझ्याच हातात देतो. बघितलंय मी."

"इथून?" लंबूने बोट ठेवलं.

"जरा मागून."

लंबूने बोट मागे घेतलं.