एकाच पेल्यातून

मित्रांनो, कपाटात बंद असल्यामुळे माझा आवाज जरा घुसमटलेला वाटेल, तेवढं सांभाळून घ्या. पेडगावच्या छोट्याशा चर्चचा मी जुना पितळी पेला. परभणीच्या एका कारागिराने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली आणि मंडळीने मला प्रभुभोजनासाठी, म्हणजे प्रभू येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या विधीसाठी ठेवलं.

इथली रीत मोठी छान होती. द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, माझी कड पुसायची आणि आपल्या हाताने मला शेजाऱ्याकडे द्यायचं. मनात अढी असेल तर आधी माफी, मग घोट. कितीतरी भांडणं मी जवळ येईपर्यंत मिटून जायची. मला त्याचा कोण अभिमान!

बायनाबाई आणि कुसुमबाई या जावा नेहमी शेजारी बसत. बायनाबाईच्या लेकीला, निकिताला, लहानपणी फिट यायची. बायनाबाईने तिला माहेरी ठेवून बरं केलं आणि विश्वासाने एकट्या कुसुमबाईला सांगितलं. पुढे निकिताचं लग्न ठरलं, तेव्हा कुसुमबाईने नेमकी तीच गोष्ट नवरदेवाच्या घरी पोचवली. सोयरीक मोडली.

त्यानंतर कुसुमबाईने मला पुढे केलं की बायनाबाई मान फिरवायची. मी भरलेलाच पुढे जायचो.

मग साथीचा आजार आला. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रत्येकासाठी इवलेसे प्लास्टिकचे गिलास आणले आणि मला फडक्यात गुंडाळून कपाटात टाकलं. साथ गेली, गिलास राहिले. इतकी वर्षं ज्यांच्या ओठांना लागलो, त्यांच्यापैकी एकानेही माझी चौकशी केली नाही. याला दगा नाही तर काय म्हणायचं? बायनाबाईसुद्धा गिलासातून पिऊ लागली. कुणाच्या हातून घेणं नको, कुणाला माफ करणं नको! कपाटाच्या फटीतून ते बघताना माझा जीव जळायचा.

एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "शेवटच्या जेवणाला प्रभूला ठाऊक होतं, शिष्यांपैकी कोण दगा देणार ते. तरी त्यानं त्याला पंगतीतून उठवलं नाही."

बायनाबाईने ओठाजवळ नेलेला गिलास खाली ठेवला.

"पाळकसाहेब, जुना पेला काढा. ह्या गिलासातून पिऊ लागले, पण पोटातला जाळ काई इझंना."

मला बाहेर काढलं. मी काळवंडलो होतो. द्राक्षरस भरून मला कुसुमबाईच्या हाती दिलं, तर ती घोट न घेता बायनाबाईकडे वळली.

"आक्का, तुमच्या पोरीचं चांगलं झालेलं मला देखवलं न्हाई. लय वाईट केलं मी."

"व्हय, केलंस," बायनाबाई म्हणाली. "ते मी इसरणार न्हाई. पण तुला माफ केलं. दे इकडं."

तिने घोट घेतला. तिची आसवं माझ्यात पडली.

नंतर मला धुतलं, पुसलं आणि पुन्हा कपाटात ठेवलं! मित्रांनो, मी खूप दुखावलो. पण जिची लेक घरी बसली तिने माफ केलं, मग मी कशाला रुसून बसू? मीही सोडून दिलं. मला घासून लख्ख करा, असं मी म्हणत नाही. फक्त ज्याचा तुम्हाला राग आहे, त्याच्या हातून एकदा घोटभर पाणी मागून प्या.